लेटर म्हणजे कायच्या मंग?

पंचफुला,

नावानं हाक मारली म्हणून हासू नको. जितेपणी कधी मारली नाही. पयले नुसतं "अवो" होतं, पोरगा झाल्यावर "रमेशची माय" झालं. तुझं नाव मीनं फक्त कागदावर लिवलं. अन् त्यातल्याच एका कागदासाठी आज हे लिवून राहिलो.

उद्या तुझ्या पुण्यानुमोदनाले लोक येतीन. रमेश म्हणे, "बाबा, आई के बारे में दो-चार लाइन लिख दो, मैं पढ़ दूँगा." जन्म कुठं झाला, लग्न कधी झालं, मागं किती नातवंडं, ते त्यानं टाइप करून ठेवलंच हाये. ते ठीक हाये. माझ्यानं तसं साजरं लिवणं होत नाही. चौथी शिकलेला माणूस मी, अन् तोंडाचा फटकळ. मी तुझ्यासंगच बोलतो. लोकायले आयकाचं असन तं आयकू दे.

तुले एक गोष्ट सांगाची राहिली. दवाखान्याच्या फारमाची. जवानीपासून सांगतो सांगतो करत होतो. क्वार्टर भेटू दे, मंग सांगीन. रमेशची मॅट्रिक होऊ दे, मंग. रिटायर होऊ दे, मंग. असं करता करता कोहक्यात घर झालं, त्या घरात आपण दोघं म्हातारे झालो, तू गेली, अन् गोष्ट माझ्याजवळच राहिली.

शेजारचे गुरुजी समजवाले आले होते. वर बोट करून म्हणे, "भैया, बाद में सब वहीं मिलते हैं." मीनं म्हटलं, "गुरुजी, तुमचं असन तसं. आमच्यात वर काही नाही." बिचारे चपला घालून निघाले. रमेश मले रागावला. मले बी समजते का ते चांगल्यासाठीच बोलत होते. पण दीक्षा घेतली तवा आपण दोघायनं मनापासून घेतली होती. मेल्यावर भेटू, हे आपण गावाच्या वेशीवरच सोडून आलो. म्हणून मले आता "मंग भेटल्यावर सांगीन" असं बी म्हणता येत नाही. गुरुजीले येते. मले नाही येत.

हा "मंग" मीनं कामावरून घरी आणला होता. तुले आठवत असन. कारखाना तवा कारखाना नव्हता. मुरमाची जमीन, मोठे मोठे खड्डे, अधामधात उभे लोखंडी खांब, अन् धुरळा असा का भाकर चावताना दाताखाली कचकच करे. मी खलासी, रस्सा अन् चैन लावून लोखंड वर चढवणारा. तू रेजा, डोक्यावर घमेलं. कॅम्पात मद्रासी, बंगाली, पंजाबी, बिहारी, इथले छत्तीसगढी, अन् वरून रशियन साहेब. कोणाची बोली कोणाले समजे ना. म्हणून इंग्रजीचे चार-सहा शब्द साऱ्यायच्याच तोंडी बसले. ओके. नो. स्लो. अन् लेटर. चिठ्ठीवालं लेटर नोहे, हे दुसरं.

फोरमनले हातमोजे मांगा, "लेटर." सुट्टी मांगा, "लेटर." मान बी वर करत नव्हता. मले वाटे का लेटर म्हणजे "चाल, हट" असंच काही असन. लेट तं मले माहीत होतं, गोंदियाची गाडी लेट राहे. एक दिवस हजेरीवाल्या बाबूले विचारलं. तो म्हणे, लेट म्हणजे उशीर, लेटर म्हणजे त्याच्याहून उशीर. मीनं विचारलं, "कोणाहून?" तो म्हणे, "वो तो बोलने वाले के मन में रहता है."

मले तो शब्द लय आवडला. साहेबाचा शब्द. घरी येऊन मी बी चालवाले लागलो. तू म्हणे, छप्पर गळते. मी म्हणो, लेटर. तू म्हणे, मायले भेटून येऊ. मी म्हणो, लेटर. तुले पयले हासू आलं. एक दिवस मीनं म्हटलं, अजून भात वाढ, तं तूनं भाताच्या गंजावर झाकण ठेवलं अन् मान बी वर न करता म्हटलं, "लेटर!" बाजूच्या झोपडीतल्या बाया खिदळल्या. "आली वो साहेबीण!" अन् मी ताट घेऊन तसाच बसलो.

पण हासून झाल्यावर तू विचारे, "कायच्या मंग?" प्रत्येक डाव. "पाऊस येऊन गेल्यावर का यायच्या पयले? कायच्या मंग, ते सांगा."

मी चिडो. "मंग म्हणजे मंग."

"असं मंग नसते. काहीतरी होऊन जाते, त्याच्या मंग असते."

तू हे शिकली दवाखान्याच्या स्लॅबवर. नवा दवाखाना बांधून राहिले होते. स्लॅब टाकली, वर बारदान पसरलं, अन् तुमी रेजा बाया दिवसभर गगऱ्यानं त्याच्यावर पाणी टाकत होत्या. बारदान वाळलं नाही पायजे. उन्हानं तळपाय भाजे, पाणी पडलं का वाफ निघे. ठेकेदाराले घाई. त्याले स्लॅबखालच्या टेकूच्या बल्ल्या काढून दुसरीकडं लावाच्या होत्या. रशियन साहेब आला, वाकला, ओल्या बारदानाखाली तळहात ठेवला, अन् म्हणे, "नो. लेटर."

तूनं गगरा खाली ठेवला अन् सरळ त्यालेच विचारलं, आपल्या बोलीत, "कायच्या मंग?"

ठेकेदार तुझ्यावर खेकसला. पण दुभाष्या हासला, त्यानं साहेबाले सांगितलं. साहेबानं दोन्ही हाताची बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली, मिटली, अन् तुझ्या गगऱ्याकडं बोट केलं. इतके दिवस पाणी. त्याच्या मंग.

संध्याकाळी चूल पेटवता पेटवता तूनं मले हे सारं करून दाखवलं, बोटं उघडून मिटून. अन् म्हणे, "त्या गोऱ्याचं लेटर खरं हाये. मोजून देते. तुमचं लेटर वाऱ्यावरचं."

बल्ल्या निघाल्या, दवाखाना उभा राहिला, अन् बातमी आली का तिथं आया पायजे. कामावरच्या रेजायनं फारम भरा. बांधकाम सरत आलं होतं, रेजायले तसंही आता घरी बसावं लागणार होतं. तू अन् बिसाहिन दोघी फारम घेऊन आल्या. बिसाहिन इथल्याच मरोदा गावची छत्तीसगढी, तुझ्या घमेल्याची जोडीदारीण, तोंडानं माझ्याहून फटकळ. तुझं फारम मीनं भरलं. खाली तूनं अंगठा देला. शाई जास्त लागली, अंगठा पसरला. तू म्हणे, "दुसरं आणू का?" मीनं म्हटलं, चालते. तूनं फुंकर मारून वाळवलं, चार घड्या केल्या, अन् माझ्या शर्टाच्या खिशात ठेवलं. माझा रस्ता आफिसाच्या खिडकीसमोरून जाये म्हणून.

तू त्या दिवशी काय बोलली ते मले शब्दाशब्दानं याद हाये. "ज्याच्यावर पाणी टाकलं, त्याच्याच खाली काम करीन. सावलीत."

जेवणाच्या सुट्टीत मीनं गँगमधल्या गड्यायले तोऱ्यात सांगितलं, बायको दवाखान्यात नोकरीले लागून राहिली. एक जण म्हणे, "अबे, आया म्हणजे काय माहीत हाये का? लोकायचं हगणं-मुतणं काढणं. हेच कराचं होतं तं गाव कावून सोडलं?" सारे हासले. तो बी आपल्यातलाच होता, दीक्षा घेतलेला. परक्यानं म्हटलं असतं तं मीनं त्याले दोन लावल्या असत्या.

माझ्या बापानं गावातली मेलेली ढोरं ओढली, पंचफुला. मी त्याच्या मागं मागं चालो. त्याच्या हाताचा वास आंघोळीनं बी जात नव्हता, अन् त्याच हातानं तो मले भाकर देत होता. दीक्षेच्या दिवशी मीनं मनात गाठ मारली होती का आता कोणाची घाण माझ्या घरातला माणूस उचलणार नाही. अन् माझ्याच खिशात माझ्याच अक्षरानं भरलेलं फारम.

हे मीनं तुले घरी येऊन सांगाले पायजे होतं. भांडण झालं असतं. तू जिंकली असती, ते मले माहीत होतं. तू म्हटलं असतं, ढोर जबरदस्तीनं ओढाले लावत होते, हे मी आपल्या मनानं करून राहिली. ते मेलेलं होतं, हा जिता माणूस हाये. तुमच्या मायचं मीनं काढलं का नाही? काढलं होतं तूनं. माय अंथरुणावर होती तवा सहा महिने तूनंच काढलं, अन् मी बाहेर ओट्यावर बसून बिडी ओढत होतो. हे तुझ्या तोंडून आयकाचं नव्हतं मले. म्हणून मीनं भांडणच होऊ देलं नाही.

पयल्या दिवशी खिडकीसमोरून गेलो, खिशावर हात ठेवून. दुसऱ्या दिवशी बी गेलो. तिसऱ्या दिवशी तूनं विचारलं, "फारमाचं काय झालं?"

मीनं म्हटलं, "बाबू म्हणे, लेटर."

तूनं माझ्याकडं पाहिलं. अन् त्या दिवशी पयल्यांदा "कायच्या मंग" विचारलं नाही. पाणी गरम झालं, आंघोळ करून घ्या, म्हटलं.

फारमाचं काय केलं ते बी सांगतो. फाडाले हात उठला नाही, तुझा अंगठा होता त्याच्यावर. आमी एका मोठ्या खांबाचा पाया भरून राहिलो होतो. त्या खड्ड्यात टाकलं. वरून काँक्रीट पडलं. कारखान्यातला एक खांब तुझ्या अंगठ्यावर उभा हाये, अन् हे माझ्याशिवाय कोणाले माहीत नाही.

बिसाहिन आया म्हणून लागली. पांढरी साडी, निळा काठ, अन् पायात चप्पल. ड्युटी सुटली का आपल्या घरी येई, वॉर्डातल्या गोष्टी सांगे. कोणाले जुळं झालं, कोणता डॉक्टर रागीट हाये. तू पदराचं टोक तोंडात धरून आयके. ती गेली का भांडी घासाले बसे. लय जोरात घासे. मी आतून आवाज आयको अन् समजो. समजून काय केलं? काही नाही.

तू मात्र थांबली नाही. वस्तीत कोणी बिमार पडलं का तुलेच बोलावणं. कोणाचं बाळंतपण, कोणाची म्हातारी माय. बिनापगाराची आया झाली तू, बिनासाडीची. माझा हात चैनमध्ये दाबला गेला तवा दीड महिना तूनं मले घास भरवला, जखम धुतली, पट्टी बांधली. पट्टी अशी बांधे का कंपाउंडर म्हणे, "किसने बाँधी?" मी म्हणो, घरवालीनं. तवा एक डाव सांगाले गेलो होतो. तूनं त्याच वेळी तोंडात घास देला. आता हासू येते मले. घास गिळला अन् हिंमत बी गिळली.

म्हातारपणी त्याच दवाखान्यात तुले भरती केलं. खाटेवर पडल्या पडल्या तू वरच पाहे. मले वाटलं पंख्याकडं पाहते. तू म्हणे, "गळत नाही ना अजून?" मीनं म्हटलं, "काय?" "स्लॅब. मी भिजवली ते." आया आली तं तिले बी सांगितलं, ये छत हमने भिगाया. ती पोरगी म्हणे, "हाँ अम्मा, हाँ," अन् तुझी कूस बदलवली. तिनं तुझं सारं केलं. मी पाहत उभा होतो. तिच्या तोंडावर घाण आल्याचं काहीच नव्हतं. भाजी निवडावी तसं करून राहिली होती. मंग शेवटच्या आठ-दहा दिवसांत मीनंच केलं. तिले म्हटलं, तू जा, मी करतो. तुझं हगणं-मुतणं मीनं काढलं, तुले पुसलं, कपडा बदलवला. हात धुतले अन् त्याच हातानं भाकर खाल्ली. माझ्या हाताले काही झालं नाही, पंचफुला. काहीच झालं नाही. ह्या एवढ्याशा गोष्टीसाठी मीनं तुझं आयुष्य अडवून धरलं होतं.

म्हणून त्या दिवशी दुपारी ठरवलं का आज सांगतो. रमेश औषध आणाले गेला होता. मीनं स्टूल जवळ ओढलं. म्हटलं, "अवो, मले तुले एक सांगाचं हाये. जुनं हाये."

तूनं डोये उघडले. थर्मासकडं पाहिलं. म्हणे, "पयले चहा पिऊन घ्या. थंडा होते. मंग सांगा."

मीनं झाकणात चहा ओतला. आता खरं सांगतो, तो इतका गरम नव्हता. मी उगाच फुंकर मारून मारून पेलो. एक घोट, मंग खिडकीतून बाहेर पाहिलं. एक घोट, मंग चादर सारखी केली. झाकण खाली ठेवलं तवा तुझे डोये मिटले होते. मले वाटलं झोपली. म्हटलं, झोपू दे, उठल्यावर सांगीन. मले बरंच वाटलं, ते बी लपवत नाही. दिवे लागणीच्या वेळी नर्सनं तुझा हात धरला अन् मंग माझ्याकडं पाहिलं.

तिसऱ्या दिवशी बिसाहिन आली. नातवाच्या खांद्याले धरून आली, आता तिले दिसत नाही. तुझ्या फोटोसमोर मेणबत्ती लावली, रडली, अन् मंग मले म्हणे, "भइया, एक बात बतावत हंव. रिस झन होबे." रागावू नको म्हणे.

मीनं म्हटलं, आता काय रागावतो, सांग.

ती म्हणे का, पंचफुला, तूनं फारम माझ्या खिशात ठेवलं त्याच्या दुसऱ्या हप्त्यात तुमी दोघी आफिसात गेल्या होत्या. खिडकीवरच्या बाबूनं सारे कागद तुमच्यासमोर पालटले. म्हणे, ह्या नावाचं फारम आलंच नाही, अन् यादी कालच बंद झाली. वापस येताना बिसाहिन रस्त्यानं मले शिव्या देत आली. तुले म्हणे, जा, आत्ताच्या आत्ता विचार त्याले. तू म्हणे, बाद म पूछहूँ, मंग विचारीन.

"मैं कहेंव, काके बाद?" बिसाहिन माझ्याकडं तोंड करून म्हणे, डोये भलतीकडंच होते तिचे. "त ओ कहिस, जब ओ खुदे बताही, तेकर बाद."

जवा तो आपल्या मनानं सांगीन, त्याच्या मंग.

मी भिंतीले टेकून बसलो. बिसाहिन गेली, चहा थंडा झाला, सून येऊन कप घेऊन गेली, तरी मी बसलोच होतो. म्हणजे मी जितकं साल लपवत होतो तितकं साल तुले माहीत होतं. तू भांडी घासत होती तवा माहीत होतं. माझा हात धूत होती तवा माहीत होतं. तुझं "मंग" वाऱ्यावरचं नव्हतं. त्या गोऱ्यावाणी मोजून देलेलं होतं. एकच गोष्ट व्हाची होती त्याच्या पयले, अन् ती माझ्या हातात होती.

अन् मंग तो दुपारचा चहा. मी जुनं सांगाचं म्हटलं तवाच तू समजली असशीन. तरी "पयले चहा" म्हटलं. माझ्यावर दया आली म्हणून म्हटलं, का राग होता म्हणून, का म्हातारा सांगाले आला एवढ्यानंच तुझं भागलं, का खरंच चहा थंडा होत होता. चार दिवस झाले, मी हेच उलटून पालटून पाहून राहिलो. तुझ्याशिवाय हे कोणाले सांगता येत नाही, अन् तुले विचारता येत नाही.

रमेश, हे तू उद्या साऱ्यायसमोर वाचजो. जोरात वाच. बिसाहिनले पुढं बसव, तिले कमी आयकू येते. मधातलं काही गाळू नको. लाज वाटली तं वाटू दे, ती माझी हाये.

पंचफुला, चहा पिऊन झाला.

फारम माझ्या खिशातच होतं. बाबूनं लेटर म्हटलं नव्हतं, मीनं म्हटलं होतं.

सांगितलं. आता तुझं मंग आलं. बोल.